तिसऱ्या दिवसानंतरचा पाहुणा

समुद्रकाठी स्वस्तात राहायचं आणि तिथून लवकर हलायचं नाही, हा माझा प्रवासाचा सर्वांत आवडता प्रकार आहे. माझ्या मावशीला तो पटत नाही. तिचं न पटणं मी मनावर घेते, कारण ती या व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूला उभी आहे. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना एका वाडीत तिचं घर आहे. मागच्या अंगाच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते, त्यांना रांधून घालते, त्यांच्या चादरी धुते. मी पाठीला सॅक लावून अशाच कुणाच्या तरी दारात उभी राहणारी. यंदा मे महिन्यात गोकर्णाजवळच्या कुडले किनाऱ्यावर एका हॉस्टेलात लांबलेला मुक्काम आटोपून मी तिच्याकडे उतरले. घरात रातांबे फोडायचं काम निघालं होतं. दोघी फोडायला बसलो आणि बोलणं वादावर गेलं. तो वाद थोडा आवरून इथे मांडते आहे. त्यातलं काही मला अजून मिटलेलं वाटत नाही.

मावशी : आधी मला हे सांग, इतके दिवस तू तिथे करत काय होतीस? महाबळेश्वराचं दर्शन एका सकाळचं काम. कोटितीर्थ बघून झालं, समुद्रात पाय बुडवून झाले. मग?

मी : ते सगळं दोन दिवसांत उरकतंच. बंगळुरूहून शुक्रवारी रात्रीच्या बसने येणारी माणसं शनिवारीच उरकतात. देऊळ, ओम बीच, होडीने हाफमून आणि पॅराडाइज, सूर्यास्ताचे फोटो, रविवारी परत. माझं गोकर्ण त्यानंतर सुरू होतं. कुडले गावाच्या दक्षिणेला, मध्ये जांभ्याचं टेकाड. ते चढून उतरायला अर्धा तास लागतो. पहिल्या दिवशी ती वाट नुसती तापलेली वाटते. भाजी आणायला रोज तिथून जायला लागलं की कुठल्या वेळी कुठे सावली असते ते पायांना कळतं. बाजारात हालक्की समाजाच्या बायका भाजी आणि फुलं घेऊन बसतात, गळाभर मण्यांच्या माळा घालून. आल्या आल्या लोक त्यांचे फोटो काढतात. आठवडा झाला की त्याच बायका आपल्याला लांबून हाक मारतात, आज कुठली भाजी ताजी आहे ते सांगतात.

मावशी : भाजीवालीने हाक मारली म्हणून गाव आपलं होत नाही गो. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत. धर्मशाळेतही तीन दिवसांवर राहू देत नाहीत. तो नियम कुणी चिकटपणाने केलेला नाही. खाट एक असते आणि येणारे पुष्कळ. मागून येणाऱ्याला जागा करून द्यायची, हा त्यातला धर्म.

मी : गोकर्णाचा रिवाज मात्र वेगळा होता. तिथे यात्रेकरू भटजींच्या घरी उतरत. आपल्याकडची माणसं पितरांची कार्यं करायला जात, आणि कार्य लांबलं की मुक्काम लांबे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता, त्यामुळे हे सगळं आपल्याला परकं नव्हतं. पाहुण्याला जास्त दिवस सांभाळायची त्या गावाला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे.

मावशी : ती माणसं काम घेऊन जात. काम झालं की दक्षिणा ठेवून उठत. तू कुठलं काम घेऊन गेली होतीस?

माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा या प्रश्नात आहे. बिनकामाचं राहणं आपल्याकडे म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना माफ असतं. नोकरी करणाऱ्या धडधाकट बाईने रजा घेऊन कुठेतरी नुसतं जाऊन बसावं, याला आपल्या घरांत अजून जागा नाही. तीर्थयात्रेला जा, लग्नाला जा, सहलीला जाऊन दहा ठिकाणं बघून ये. त्या सगळ्याला काहीतरी कारण असतं. एका जागी बसून राहण्याला कारण द्यावं लागतं, आणि बाईला तर ते दोनदा द्यावं लागतं.

मी : कुठलंच काम नव्हतं, आणि ते नसणंच मला हवं होतं. वर्षभर मी घड्याळावर जगते. कचेरीतला गलका डोक्यातून जायलाच दोन दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोप सुधारते, पुस्तक सलग वाचलं जातं, समुद्राकडे बघताना फोन हातात घ्यावासा वाटत नाही. तू पाहुण्याला ज्या दिवशी उठवतेस, त्या दिवशी विश्रांती सुरू होत असते. रवींद्रनाथ ठाकूर बाविशीत कारवारला येऊन राहिले होते, १८८३ च्या सुमारास. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी तिथे लिहिलं. दोन दिवसांची सहल केली असती तर लिहिलं असतं का?

मावशी : त्यांचे भाऊ कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. ते भावाच्या बंगल्यात राहिले, हॉस्टेलात नाही. आणि लांब राहण्याचंच उदाहरण हवं असेल तर शिरोड्याचं घे, घरापासून जवळ आहे. लेखक वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिकवायला आले आणि १९३८ पर्यंत तिथेच होते. पण ते पाहुणे नव्हते, मास्तर होते. गावाला त्यांचा उपयोग होता. राहायचं तर असं राहावं.

मी : म्हणजे ज्याचा उपयोग नाही त्याने राहूच नये?

मावशी : राहावं. पण त्याचं ओझं कुणावर पडतं ते त्याला दिसलं पाहिजे. थांब, तुला एक सांगते.

मग तिने एका मुलाची गोष्ट सांगितली. तो तिच्याकडे चार दिवसांसाठी आला आणि दोन आठवडे राहिला. जास्त दिवस राहतोय म्हणून त्याने भाव कमी करून घेतला. वागायला चांगला होता, आवाज नाही, दारू नाही. सकाळी किनाऱ्यावर जाऊन रापण ओढायला लागायचा. रापणीचं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोरीला ज्याचा हात लागला त्याला मासळीतला वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना. त्या मुलाला वाटा मिळायचा. तो आनंदाने बांगडे घेऊन घरी यायचा आणि मावशीच्या पुढ्यात ठेवायचा.

मावशी : ते साफ कुणी करायचे? मसाला कुणी वाटायचा? त्याच्या डोक्यात होतं की त्याने माझा खर्च वाचवला. जेवणाच्या पैशांतून मासळीचे पैसे वजा करू का, असंसुद्धा त्याने विचारलं. त्याला वाटत होतं तो आता घरातलाच झाला. घरातला माणूस ताट उचलून विहिरीवर नेतो. पाहुण्याचे लाड आणि घरच्याचा भाव, दोन्ही एकदम मिळत नाही.

मी : तो चुकला. पण रापण ओढायला तोच गेला ना? तुझ्याकडे दोन दिवस येणारी माणसं नुसती व्हिडिओ काढतात.

मावशी : ते खरं. रापणीवाल्यांनाही तो आवडायचा. हल्ली दोरीला माणसं कमी पडतात.

रापणीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर याच पद्धतीच्या मोठ्या जाळ्याला रंपणी म्हणतात. एकेका रंपणीवर कितीतरी घरं चालत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला पर्ससीन जाळ्यांच्या बोटी आल्या आणि रंपणी मागे पडली. महाराष्ट्रात पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर बंधनं आली. किनाऱ्यावर दोन दिवस राहून मला दोरी ओढणारी माणसं दिसली असती. ती कमी का झाली हे कळायला त्यांच्याशेजारी रोज बसावं लागतं. माझी बाजू एवढीच आहे.

मावशीची बाजू मात्र इथे संपत नव्हती. तिने हिशेब काढला.

मावशी : पाण्याचं घे. मे महिन्यात माझ्या विहिरीचा तळ दिसतो. समुद्रात जाणारा माणूस दिवसातून तीनदा अंग धुतो, कारण मीठ चावतं. प्रत्येक वेळी शॉवर सोडून उभा. माझ्या दोन खोल्यांत फार तर सहा माणसं असतात. तुझ्या हॉस्टेलात एका खोलीत किती खाटा?

मी : आठ. वरखाली.

मावशी : आणि अशा किती खोल्या? हे सगळं पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुणी बघितलंय? वाळूत संडासाची टाकी बांधली की वाळू काही धरून ठेवत नाही. टाकी आणि विहीर यांच्यात अंतर ठेवलं तरी माणसं वाढली की माझ्या जिवाला घोर लागतो. स्वस्त स्वस्त म्हणता ते कशामुळे स्वस्त आहे? पाण्याचे पैसे कुणी लावत नाही, जमिनीत मुरणाऱ्या घाणीचे कुणी लावत नाही, चादरी धुणाऱ्या बाईचे पुरते कुणी लावत नाही. वरून बुकिंगची वेबसाइट पंधरा-वीस टक्के घेऊन जाते. राहिलं काय मग?

मी : तरी दोन दिवसांच्या माणसांपेक्षा माझ्यासारखीचं ओझं कमी आहे. रोज नवा माणूस आला की रोज नवी चादर, नवा टॉवेल. मी आठवड्याला एक चादर वापरते आणि कपडे स्वतः धुते. गाडी आणत नाही. मत्स्यगंधा एक्सप्रेसने गोकर्ण रोडला उतरते, तिथून रिक्षाने गावात. माझे पैसे थोडे असतात, पण ते खानावळीत, शहाळेवाल्याकडे, पिशवीचा बंद शिवून देणाऱ्या शिंप्याकडे जातात. मोठ्या गाडीतून येणारं कुटुंब एका रिसॉर्टात शिरतं आणि बाटल्या टाकून निघून जातं.

मावशी : त्या कुटुंबाला नावं ठेवू नकोस. मला तेच सांभाळतात. दिवाळीत आणि नाताळात आठ-दहा कुटुंबं येऊन जातात, तेव्हा पावसाळाभराची बेगमी होते. कोळंबी मागतात, खेकडे मागतात, जाताना कोकम, आमसुलं, काजूगर बांधून घेतात. तू शहाळ्याचे पैसे दिलेस म्हणून मला वीजबिल भरता येत नाही.

या मुद्द्यावर आमचं जमलं नाही, आणि मला वाटतं जमणारही नाही. तिच्यासारख्या दोन खोल्यांच्या घराला गर्दीच्या दिवसांचे पाहुणे लागतात. मधल्या रिकाम्या दिवसांत माझ्यासारखीचा थोडका पैसा येतो तो तिला नको असतो असंही नाही, पण त्यावर घर चालत नाही. स्वस्त प्रवास करणारे आम्ही लोक स्वतःला बरेचदा ‘चांगले पर्यटक’ समजतो. मावशीच्या वहीत तो कप्पाच नाही. तिच्या वहीत येणं आणि देणं आहे.

तिने मग आणखी एक गोष्ट विचारली. हॉस्टेलात फुकट राहता येतं असं तिने ऐकलं होतं. मी सांगितलं की अनेक ठिकाणी तशी सोय असते. दिवसाचे चार-पाच तास काम करायचं, स्वागताला बसायचं, खाटा लावायच्या, भिंती रंगवायच्या, आणि त्या बदल्यात खाट व जेवण मिळतं. असं राहणाऱ्याला ‘व्हॉलंटियर’ म्हणतात.

मावशी : म्हणजे पगार नाही?

मी : नाही. काही जण महिना-दोन महिने तसे राहतात.

मावशी : मग ते काम आधी कोण करत होतं? गावातली एखादी बाई करत असेल, नाहीतर केलं असतं. शिकलेली मुलं हौस म्हणून फुकट राबली, आणि गावातल्या बाईचा पगार गेला. त्या मुलांना पुढे चार गोष्टी सांगायला झाल्या. त्या बाईला काय झालं?

मी स्वतः अशी फुकटची खाट कधी घेतलेली नाही, पण घेणाऱ्यांचं मला कौतुक वाटत आलं होतं. मावशीचा प्रश्न ऐकल्यावर ते कौतुक टिकणं कठीण आहे. भिंतीवर चित्र काढून देणं वेगळं. रोजचं खाटा लावणं, झाडू, फरशी ही कामं गावातल्या माणसाला पगारावर मिळायला हवीत, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

याहून तीक्ष्ण प्रश्न पुढे होता. तो सहज निघाला. मी बोलता बोलता म्हटलं की प्रवेश घेताना आधारकार्ड बघतात आणि पुष्कळ हॉस्टेलांत त्याच भागातला पत्ता असेल तर खाट देत नाहीत.

मावशी : का?

मी : सांगतात की स्थानिक मुलं मजा करायला येतात, बाहेरून आलेल्या मुलींना त्रास होतो.

मावशी : म्हणजे कुमट्याच्या मुलीला कुडल्याच्या किनाऱ्यावर खाट मिळणार नाही? समुद्र तिचा, वाळू तिची, तिचे आजे-पणजे तिथे होड्या घालणार, आणि तिला दारातून परत पाठवणार? आणि तू पुण्याची, म्हणून तुला आत घेणार?

मी : हो. तसा नियम असतो.

मावशी : मग तिथे राहून तू त्या गावाला ओळखायला लागलीस असं मला सांगू नकोस. गाव दाराबाहेर उभं करून ठेवलंय.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. हॉस्टेल ही कल्पना कशी निघाली ते आठवलं की हा नियम जास्तच टोचतो. जर्मनीतले रिचर्ड शिरमान हे शाळामास्तर १९०९ च्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि एका गावातल्या शाळेत रात्र काढावी लागली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत मुलांची झोपायची सोय करावी, असं त्यांना तिथे सुचलं. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह उघडलं. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या आसपासच्या मुलांना आपलाच प्रदेश पायी बघता यावा, म्हणून ही स्वस्त खाट जन्माला आली. आज तीच खाट आसपासच्या मुलीला नाकारली जाते. सुरक्षेची काळजी खरी आहे; एकटी फिरणारी बाई म्हणून मला ती नीट कळते. पण त्रास देणारा माणूस त्याच्या वागण्यावरून बाहेर काढता येतो. पत्त्यावरून माणूस बाहेर ठेवणं हा सरळ भेदभाव आहे.

मावशी : आणि आत काय असतं? तुझ्यासारखीच माणसं ना?

मी : बहुतेक. पुणे, बंगळुरू, हैदराबाद. हिवाळ्यात परदेशी. संध्याकाळी गिटार, कुणी लॅपटॉपवर काम करतं, खाण्याला केळ्याचं पॅनकेक नाहीतर मॅगी.

मावशी : मग ते गोकर्ण कशाला हवं? ते कुठेही मिळेल.

मी : हॉस्टेलात बसून राहिलं तर कुठेही मिळेल. पण पैसे थोडे आणि दिवस मोकळे असले की माणूस चालत सुटतो. माझं तसंच झालं. एकदा गावातून तदडीला गेले. तिथे अघनाशिनी नदी समुद्राला मिळते. तरीने पलीकडे अघनाशिनी गावात जाता येतं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि शेकडो माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरून तिसऱ्या काढतात.

मावशी : तिसऱ्या? हातांनी?

मी : हातांनी, पायांनी चाचपत. बायका टोपल्या भरभरून आणतात. कितीतरी गावांचं पोट त्या चिखलावर आहे. त्या नदीवर धरण नाही, म्हणून गोडं पाणी अजून खाडीपर्यंत येतं आणि तिसऱ्या टिकून आहेत. २०२४ मध्ये त्या खाडीला पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. वरच्या अंगाला खारट जमिनीत कग्गा नावाचं भात होतं, पाण्यात बुडलं तरी तग धरणारं.

मावशी : आपल्याकडेही खारजमिनीत भात होतं. बांध फुटला की सगळं गेलं. तिथेही बांध घालतात?

मी : घालतात. आणि साणीकट्ट्याला मिठागरं आहेत. तिथला माणूस फळीने मीठ ओढताना मी बराच वेळ बघत उभी होते. आणि अंकोला तिथून जवळच.

मावशी : अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला. १९३० च्या एप्रिलात. आणि आपल्या शिरोड्याला त्याच वर्षी मे महिन्यात. माझे आजोबा सांगायचे, बाहेरगावाहून आलेल्या सत्याग्रहींना लोकांनी पेज घातली, घरांत झोपायला जागा दिली. सगळा एकच मुंबई इलाखा होता तेव्हा.

त्या क्षणापुरता वाद थांबला. तिच्या घरापासून चालत जाता येईल अशा मिठागराची आणि मी रजा काढून बघितलेल्या मिठागराची एकच गोष्ट होती. मी शिरोड्याच्या सत्याग्रहाबद्दल तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. साणीकट्ट्याला रेंगाळले म्हणून तो विषय निघाला. अशा राहण्याचा उपयोग काय, या तिच्या प्रश्नाला मी देऊ शकते ते सर्वांत खरं उत्तर हेच आहे, आणि ते मला तिथे दोन दिवसांत मिळालं नसतं.

मावशी : बरं, हे सगळं तू आता लिहिणार.

मी : लिहिणार.

मावशी : मग लोक जाणार. पहिल्यांदा थोडे येतात, शांत असतात, सगळ्यांना आवडतात. ते इतरांना सांगतात. मग खोल्या वाढतात, मग कुणीतरी जमीन विकतो. पलीकडच्या वाडीत बघितलंस ना कुंपण? एक जोडपं दरवर्षी येऊन राहायचं, त्यांनीच नातेवाइकांना आणलं, आणि त्या नातेवाइकांनी नारळाची बाग घेतली. लांब राहणाऱ्याला गाव आवडतं आणि आवडलं की विकत घ्यावंसं वाटतं. दोन दिवसांचा पाहुणा निदान जमीन तरी घेत नाही.

हा धोका गोव्याने बघितला आहे. साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा रस्त्याने येणारा स्वस्त प्रवासी हणजुणेच्या किनाऱ्यावर येऊन थांबत असे. टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी याच रस्त्याविषयी १९७३ साली स्वस्तात आशिया ओलांडण्याचं छोटं पुस्तक काढलं आणि त्यातून लोनली प्लॅनेट उभी राहिली. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेलं सोव्हिएत सैन्य यांनी तो रस्ता बंद केला, पण किनारा शोधणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. उत्तर गोवा भरला तसे ते दक्षिणेला पाळोळे-आगोंदकडे आणि पुढे गोकर्णाकडे सरकत गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि आपली मुलंही तिथे सहज पोचायला लागली. शांत किनारा शोधणारा माणूस पुढे सरकतो, मागे राहिलेला किनारा शांत राहत नाही. मावशीच्या वाडीचं नाव मी या लेखात लिहिलेलं नाही ते यासाठी. गोकर्णाचं लिहिलं, कारण ते पूर्वीच सगळ्यांना ठाऊक आहे.

कायदा काही अंशी आड येतो. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. दाट वस्तीच्या गावांत ते अंतर ५० मीटरवर आलं आहे. मात्र विजेचे दिवे आणि स्पीकर यांना त्या रेषेची अडचण होत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात आणि ती उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्यावरच्या खानपानगृहाचा दिवा समुद्रापेक्षा उजळ असेल, तर पिल्लू तिकडे जातं. पिल्लं बघायला येणाऱ्याला तारीख ठरवून येता येत नाही, थांबावं लागतं, असं मी मावशीला म्हटलं. ती म्हणाली, थांब, पण दिवा मालवून थांब.

मी : मग तुझी अट काय? लांब राहणाऱ्याला तू खोली देशील की नाही?

मावशी : देईन. भाव कमी करणार नाही. उलट तिसऱ्या दिवसानंतर मी वेगळा स्वयंपाक करणार नाही. घरात जे असेल ते जेवायचं, पेज असेल तर पेज. ताट स्वतः धुवायचं. पाणी विहिरीवरून बादलीने काढायचं, म्हणजे किती लागतं ते कळतं. पावसाळ्यात यायचं असेल तर समुद्रात उतरायचं नाही. जून-जुलैत आमचेच लोक होड्या घालत नाहीत, सरकारचीही बंदी असते. आणि जमिनीचा भाव विचारायचा नाही.

मी : एवढ्या अटींवर कुणी येईल?

मावशी : जो येईल तो मला चालेल.

मला तिच्या अटी मान्य आहेत. भावाची अट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आम्ही स्वस्त प्रवासी घासाघीस करण्यात मोठेपणा मानतो, आणि घासाघीस नेहमी सगळ्यांत लहान यजमानाशीच होते. रेल्वेचं तिकीट कुणी कमी करून मागत नाही. खोलीचा भाव परवडत नसेल तर दिवस कमी करावेत, भाव नाही. लांब राहण्याचा माझा आग्रह मी सोडलेला नाही. ज्याला रजा मिळते आणि घरून निघता येतं, त्याने वर्षातून एकदा एका किनाऱ्यावर पुरेसं राहून बघावं, असं मी अजूनही सगळ्यांना सांगते. मेमध्ये जाऊ नका, विहिरी आटलेल्या असतात. पाऊस सरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. तेव्हा पाणी असतं आणि दिवाळी-नाताळची गर्दी सोडली तर यजमानाच्या खोल्या रिकाम्या असतात. जवळच्या खाडीवर जा, तरीने पलीकडे जा, मीठ आणि भात कसं होतं ते विचारा. रोजची झाडलोट फुकट करून गावातल्या बाईचं काम घेऊ नका. आणि जे हॉस्टेल चालवतात त्यांना माझं एक मागणं आहे : कुमट्याच्या, अंकोल्याच्या, वेंगुर्ल्याच्या मुलीलाही तिच्या गावच्या आधारकार्डावर खाट द्या.